रोमनंतर ५ रात्री: इटलीतलं कोणतं छोटं जुनं गाव? (गाडी नाही, सासूबाई सोबत, शाकाहारी)

मुळामुठा
दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा, रोमला उतरतोय. मी, नवरा आणि सासूबाई (६८). रोम झालं की ५ रात्री छोट्या जुन्या गावात काढायच्या आहेत. गाडी चालवणार नाही, सगळं रेल्वेने. सासूबाई सपाटीवर तासभर आरामात चालतात, चढ आला की गुडघे बोलतात. तिघंही शाकाहारी; आम्हाला अंडं चालतं, त्यांना नाही. राहणं-खाणं मिळून तिघांचे दिवसाला २०० युरो, त्यावर एक युरो नाही. व्हेनिस, मिलान सुचवू नका. व्हिसा आणि विमान झालंय.

फिरस्ता_नागपूर
तोस्काना (टस्कनी) आणि गाडी, दुसरा विचारच नको. सिएनाजवळ डोंगरावरचं फार्महाऊस घ्या, साडेतीनशे युरोत स्विमिंग पूलसकट मिळतं. सान जिमिन्यानो, पिएन्झा, मोन्तेपुल्चानो सगळं तासाभराच्या आत. आमची गाडी ऑटोमॅटिक होती, मस्त पळते.

कडकलक्ष्मी
फिरस्ता, धागा वाचला का? गाडी नाही, २०० युरो. आणि नोव्हेंबरात पूल!
गाडीचं निघालंच आहे तर इतरांसाठी: आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. जुन्या गावांच्या वेशीवर झेडटीएलची पाटी असते, लाल वर्तुळाची. तिच्या आत फक्त परवानगीच्या गाड्या. कॅमेरा नंबर टिपतो, दंड काही महिन्यांनी घरी येतो आणि गाडी देणारी कंपनी नाव-पत्ता कळवल्याचे पैसे वेगळे लावते. हॉटेल आत असेल तर त्यांना आधी नंबर नोंदवायला सांगायचं.

फिरस्ता_नागपूर
पाटी बघून चालवलं तर काही होत नाही. उगाच घाबरवू नका लोकांना.

पोपटी
लुक्का घ्या. तोस्कानातल्या जुन्या गावांत इतकं सपाट दुसरं नाही. तटबंदी अख्खी शाबूत, साधारण सव्वाचार किलोमीटर, आणि तिच्यावरून झाडांच्या सावलीत चालायचा रुंद रस्ता. एकदा वर चढलं की पुढे चढ नाही. मधेमधे बाकं आहेत, कुठूनही खाली उतरता येतं. स्टेशन तटाच्या अगदी बाहेर. गुइनिजी मनोऱ्यावर झाडं उगवलेली आहेत ती खालूनच बघा, वर जायला जिनेच. संगीतकार पुच्चिनीचा जन्म इथला, १८५८. गावातल्या एका चौकाचा आकार लंबगोल आहे, कारण घरं रोमन अँफिथिएटरच्या पायावर उभी आहेत.
खायला चेचीना: चण्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, मोठ्या तव्यात भट्टीत भाजतात. जाड धिरड्याची चुलत बहीण. अंडं नाही, दूध नाही. फार्रोचं (एक जुना गहू) सूप मात्र विचारून घ्या, फोडणीत डुकराची चरबी असू शकते.

चकली
लुक्का +१. रोमहून फ्लोरेन्स किंवा पिसाला गाडी बदलावी लागते, तेवढंच.

वऱ्हाडी_ठेचा
लुक्का +१. तटावर सायकल भाड्याने मिळते, सासूबाईंसाठी चारचाकी सायकलपण.

बखरकार
थांबा, तारखा बघा! ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला लुक्कात कॉमिक्सचा मोठा मेळा भरतो. तट, चौक, चर्चची पटांगणं, सगळीकडे वेशभूषा केलेली पोरं. खोल्या कित्येक महिने आधी जातात, उरतात त्यांचे भाव दुप्पट-तिप्पट. लोकल गाड्यांत उभं राहायला जागा नसते. हे दिवस टाळून कुठलाही आठवडा चालेल.
त्याऐवजी राव्हेन्ना. तेही सपाट, बोलोन्याहून लोकल गाडीने सव्वा तास. सान व्हिताले चर्च ५४७ सालचं, आतल्या मोझेइकच्या काचा अजून जशाच्या तशा चमकतात. गाल्ला प्लाचिदियाच्या समाधीत थोडी थोडी माणसंच सोडतात, म्हणून तिकीट वेळ ठरवून काढायचं. कवी दान्तेची कबर तिथेच.

चकली
राव्हेन्नाला पियादिना मिळते, पोळीसारखीच. शाकाहाऱ्यांची चंगळ!

कडकलक्ष्मी
चंगळ कसली? पारंपरिक पियादिनाच्या पिठात स्त्रुत्तो, म्हणजे डुकराची चरबी, मळलेली असते. आत नुसतं चीज-पालेभाजी घातली तरी पोळीत ती आहेच. ऑलिव्ह तेलातली मिळते, फलकावर ‘आल्ओलिओ’ शोधा.
खाण्याचं एकदाच लिहिते. ‘सेन्झा कार्ने’, म्हणजे ‘मांसाशिवाय’, म्हटलं की मांसाचे तुकडे वगळतात, रस्सा तोच राहतो. रिसोत्तो (भात) आणि मिनेस्त्रोनेला (भाज्यांचं सूप) ‘ब्रोदो व्हेजेताले’, म्हणजे भाज्यांचा रस्सा, आहे का विचारायचं. रिबोल्लीतात पाव, पांढरे वाल आणि काळा कोबी, पण काही ठिकाणी चरबीची फोडणी. हिरव्या भाज्यांत अँचोव्ही, म्हणजे बारीक मासा, लपलेला असतो. ताज्या पास्त्यात, विशेषतः तालियातेल्ले आणि भरलेल्या प्रकारांत, अंडं धरूनच चाला. सासूबाईंसाठी तोस्कानात पीची आणि उंब्रियात उंब्रिकेल्ली: नुसतं पीठ-पाणी, हाताने वळलेल्या जाड शेवया. पीची आल्लाल्योने, म्हणजे टोमॅटो-लसूण, डोळे मिटून मागवा. सुका पाकिटातला पास्ताही बहुधा बिनअंड्याचा.

पोपटी
वरून पार्मिजानो चीज किसून घ्यायचं, झालं.

कडकलक्ष्मी
पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातल्या रेनेटनेच (दूध साकळवणारं द्रव्य) करायचं असा त्यांचा नियम आहे. ग्राना पादानोही प्राणिज रेनेटचंच. पिएन्झाचं पेकोरीनो बहुतेक तसंच. वनस्पतीजन्य हवं तर ‘काल्यो व्हेजेताले’ लिहिलेलं शोधा.

फिरस्ता_नागपूर
मग इटलीला जायचंच कशाला? इथल्या पिझ्झावर काय असतं असं वाटतं तुम्हाला?

कडकलक्ष्मी
इथे काय असतं हा प्रश्न नाहीये. ज्यांना चालतं त्यांनी खावं, ज्यांना नाही त्यांना आधी माहीत असावं.

वऱ्हाडी_ठेचा
झालं धाग्याचं काश्मीर, विषय भलतीकडेच. रच्याकने (बाय द वे), चण्याच्या पिठाची ती चेचीना लुक्कात मिळते, नक्की खा. फार्रोचं सूप विचारून घ्या.

बखरकार
हे पोपटीने लिहिलंय की वर.

अंजिरे
मातेरा! गुहांमधली घरं, १९५२ च्या कायद्याने रिकामी केली होती, १९९३ ला जागतिक वारसा. पाव तर असा की आठवडाभर टिकतो.

पोपटी
मातेरा म्हणजे नुसत्या पायऱ्या. शिवाय रोमहून आधी बारी, तिथून छोट्या लाइनची वेगळी गाडी. गुडघ्यांचा विचार करा.

चकली
ओर्विएतो कुणीच कसं नाही म्हटलं? पण ते रोमहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत, राहायची गरज नाही.

बखरकार
अनुमोदन. दोन तासांत गाव संपतं.

मुळामुठा
सर्वांचे आभार, कडकलक्ष्मीताईंचा खाण्याचा प्रतिसाद छापून घेतलाय. घरी चर्चा झाली आणि ठरलं: पाचही रात्री ओर्विएतो. रोमहून थेट गाडी, सव्वा-दीड तास, सामान एकदाच उचलायचं. सासूबाईंना तिथल्या कथीड्रलमधली सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं निवांत, दोनदा बघायचीत. स्वयंपाकघर असलेली जागा ११० युरोत मिळाली. गाव संपलं तर संपलं.

फिरस्ता_नागपूर
पाच रात्री ओर्विएतो??? पैसे पाण्यात.

कडकलक्ष्मी
ठरलंच आहे तर कामाचं लिहिते. गाव खडकावर आहे, स्टेशन खाली. समोरून फ्युनिक्युलर (चढावर दोराने ओढली जाणारी रेल्वे) पियाझ्झा काहेन या चौकाला नेते, तिथून छोटी बस कथीड्रलपर्यंत. सासूबाईंना त्या चढावर चालवू नका. पश्चिमेकडे काम्पो देल्ला फिएरा वाहनतळापासून लिफ्ट आणि सरकते जिनेही आहेत. कथीड्रल १२९० ला सुरू झालं. सान ब्रित्सिओ चॅपलमधली सिन्योरेल्लीची चित्रं १४९९ ते १५०४ ची. त्याच्या आधी छताचं काम फ्रा आंजेलिकोने १४४७ मध्ये सुरू केलं होतं. दुर्बीण न्या, छत उंच आहे. गुरुवार-शनिवारी सकाळी पियाझ्झा देल पोपोलोत बाजार: चेस्टनट, कार्डून, वाल. नोव्हेंबरात नवं ऑलिव्ह तेल येतं, हिरवं आणि घशाला लागणारं. भाजलेल्या पावावर लसूण चोळून वर तेच ओता. लुमाकेल्ला नावाचा गोगलगायीच्या आकाराचा पाव बेकरीत दिसेल, त्यात डुकराचं मांस असतं.
स्वयंपाकघर आहे हे उत्तम, कारण खानावळी अडीच ते साडेसात बंद. पाटीवर ‘कोपेर्तो’, म्हणजे बसण्याचा आकार, लिहिलं असेल तर माणशी एक ते तीन युरो बिलात वाढतात. पर्यटक कर माणशी-रात्री वेगळा द्यावा लागतो.

पोपटी
एक दिवस आरेत्सो करा. लोकलने तासा-सव्वा तासात. सान फ्रान्चेस्कोतली पिएरो देल्ला फ्रान्चेस्काची चित्रं वेळ ठरवून बघावी लागतात. महिन्याचा पहिला रविवार आणि त्याआधीचा शनिवार जुन्या वस्तूंचा बाजार असतो, तुमच्या तारखांत बसू शकतो. कागदी तिकिटावर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारा, नाहीतर तिकीट असूनही दंड. लोकलचं भाडं ठरलेलं असतं, आधी काढून स्वस्त पडत नाही. संप असेल तर कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ हमीच्या गाड्या धावतात.

अंजिरे
जवळच चिव्हिता दी बान्योरेज्जो, मरणारं गाव म्हणतात. जाऊनच या.

कडकलक्ष्मी
सासूबाईंना नको. गावात जायला लांब पादचारी पूल आहे आणि शेवटचा भाग खडा चढाचा. दोघं गेलात तर प्रवेशाचे ५ युरो, आणि रविवारी किंवा १ नोव्हेंबरच्या सुट्टीला बस मिळेल असं धरून चालू नका.

मुळामुठा
सान पात्रित्सिओच्या विहिरीचं काय? फ्युनिक्युलरच्या बाजूलाच दिसतेय नकाशात.

बखरकार
पोप क्लेमेंट सातवा १५२७ च्या रोमच्या लुटीनंतर ओर्विएतोला आला, तेव्हा वेढा पडला तर पाणी हवं म्हणून खोदली. खोली ५० मीटरच्या वर. दोन गोल जिने एकमेकांत गुंफलेले, खाली उतरणारी आणि पाणी घेऊन वर येणारी खेचरं समोरासमोर येऊ नयेत म्हणून. २४८ पायऱ्या खाली आणि तेवढ्याच वर, लिफ्ट नाही. सासूबाईंना वर बागेत बसवा, तिथून खालची दरी दिसते.

वऱ्हाडी_ठेचा
सासूबाईंना खेचर मिळतं का बघा.

मुळामुठा
त्या वाचताहेत हा धागा.