तक्त्यावरचे तारे आणि दुसरीतली पंधरा मिनिटं

मातीचीपाटी
शिक्षकांच्या गटांवर परवापासून एक पोस्ट फिरतेय, इथेही दोघांनी डकवली. पहिली-दुसरीतली मुलं स्वतःहून वाचत बसावीत म्हणून युक्त्या: एका पुस्तकाला एक तारा, दहा ताऱ्यांना पेन्सिल, पन्नासला 'वाचनवीर' बिल्ला, नावांचा तक्ता दर्शनी भिंतीवर आणि दर शनिवारी फोटो. खाली अंगठ्यांची रांग. मला राहवलं नाही, म्हणून हे लांबलचक.

मी हे सगळं करून बसलेय. दुसरीचा वर्ग, 27 मुलं. जूनमध्ये तक्ता लावला, ऑगस्टपर्यंत नुसती धमाल. मग लक्षात आलं की पहिल्या नंबरची मुलगी पानं भराभर उलटते आणि तारा मागायला येऊन उभी राहते. एकदा तिच्या हातातलं पुस्तक उलटं होतं. तिने तोपर्यंत 41 तारे मिळवले होते. तक्त्यात तळाला असलेली तिघं वाचनाच्या वेळेला नेमकी पाणी प्यायला जायला लागली. दिवाळीनंतर पेन्सिली आणणं मला परवडेना, तसं वाचनही बंद पडलं.

1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर हेच तपासलं होतं. चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना 'काढलंत तर प्रमाणपत्र देऊ' असं आधी सांगितलं. नंतर मोकळ्या वेळात ती मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली.

पुढच्या वर्षी तक्ता लावलाच नाही. खिचडी झाली की वाचन. पहिल्या दिवशी फक्त तीन मिनिटं. एकाचं जरी लक्ष उडालं तरी सगळ्यांचं थांबवायचं, रागवायचं नाही, उद्या पुन्हा. प्रत्येकाने तीन-चार पुस्तकं आधीच निवडून मांडीशी ठेवायची, म्हणजे मध्ये उठणं नाही. सुरुवातीला मी फिरून तपासलं नाही, माझं पुस्तक घेऊन त्यांच्यातच सतरंजीवर बसले. रोज सकाळी एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची. दुपारी त्याच पुस्तकावर झुंबड उडायची. ज्याला अक्षरं येत नाहीत त्याने चित्रांवरून गोष्ट सांगायची, तेही वाचनच धरायचं. पंधरा मिनिटांवर यायला दिवाळी उजाडली, पण मार्चमध्येही मुलं "बाई, आज वाचायचं नाही का?" विचारत होती.

जुनागुरुजी
27 मुलं आणि एकच इयत्ता! माझी द्विशिक्षकी शाळा आहे बाई. पहिली ते तिसरी एका खोलीत, माझ्याकडे. घरात छापील कागद म्हणजे किराण्याचा पुडा नाहीतर लग्नपत्रिका. अर्धी लेकरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. तुमची पंधरा मिनिटं जमतात तेव्हा माझा वर्ग रिकामा होतो.

आणि तो प्रयोग तुम्ही स्वतःच नीट वाचा. ज्यांना *आधीच आवड होती* त्यांची आवड बक्षिसाने कमी झाली. माझ्या लेकरांना पुस्तकाची आवड लागणार कुठून? त्यांनी पुस्तक पाहिलेलंच नव्हतं. पेन्सिलीच्या आशेने एक पोरगा रोज यायला लागला, आणि यायला लागला म्हणूनच वाचायला शिकला. आज तो आठवीत आहे. त्याच्यापुढे मला परदेशातला प्रयोग सांगू नका.

पुणेरीआई
मी शिक्षिका नाही, पालक आहे. आमच्या शाळेत तक्त्याऐवजी डायरी आहे: रोज घरी वीस मिनिटं वाचन आणि पालकांची सही. मुलगा सहा वर्षांचा. संध्याकाळी साडेसातला मी घरी पोहोचते, मग स्वयंपाक. आठवड्यातले चार दिवस मी न वाचता सही केलीय आणि त्याने ते पाहिलंय. वाचन म्हणजे सही, एवढंच तो यातून शिकला. मला याचा त्रास होतो.

सह्याद्रीकर
तुमचं भांडण गोडीवरून चाललंय आणि आकडे काय सांगतात? 'असर' या देशभरातल्या शिक्षण-पाहणीत ग्रामीण भारतात तिसरीतली जी मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती ती 2018 मध्ये 27.3 टक्के, 2022 मध्ये 20.5, 2024 मध्ये 27.1. म्हणजे कोविडमध्ये गेलेलं जेमतेम परत मिळवलं. चारांतल्या तीन मुलांना मजकूर वाचता येत नसताना त्यांना पुस्तक देऊन गप्प बसवणं म्हणजे तासाचा अपव्यय. आधी जोडाक्षरं, रफार, बाराखडी पक्की करा.

मातीचीपाटी
@सह्याद्रीकर, माझी पंधरा मिनिटं अक्षरओळखीच्या तासातून कापलेली नाहीत. तो तास वेगळा आहे. पोहायला शिकवताना पाणी शेवटी दाखवतात का?

@जुनागुरुजी, प्रयोगाचा मुद्दा तुमचा बरोबर आहे. मी तो माझ्या सोयीने मांडला. शाळेत यायला पेन्सिल द्या, माझं काही म्हणणं नाही. पण भिंतीवरच्या यादीत तळाला ज्याचं नाव असतं, त्याचं काय होतं ते मी पाहिलंय.

रेवाकाठ
सगळे धरून चाललेत की पुस्तकं आहेत. आमच्याकडे पुस्तकांची पेटी येते, नोंद होते आणि कपाटाला कुलूप. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, त्या दिवशी कपाट उघडायचं, मुलांच्या हातात पुस्तकं द्यायची, फोटो काढायचे, परत कुलूप. मी रुजू झाले त्या वर्षी पेटी उघडली तेव्हा खालचे दोन थर वाळवीने खाल्लेले होते. काही पुस्तकांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय लिहिलंय, पण कुलपाबद्दल त्यात काही नाही.

किल्लीवाला
मी मुख्याध्यापक आहे आणि होय, किल्ली माझ्याकडे असते. का ते ऐका. बदली झाली तेव्हा चार्ज देताना डेडस्टॉकशी, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या नोंदवहीशी, मेळ बसेना, 19 पुस्तकं कमी. पैसे मी भरले. मुलांनी घरी नेली होती, वाचायलाच नेली होती. एकानेही त्याबद्दल मला शाबासकी दिली नाही. तेव्हापासून कुलूप.

रेवाकाठ
सर, 19 पुस्तकं मुलांच्या घरी होती म्हणजे शाळेने काम केलं! वाळवीने खाल्लेल्या दोन थरांची वसुली कुणाकडूनच झाली नाही. वाळवीला परवानगी आणि मुलांना नाही?

किल्लीवाला
बोलायला सोपं आहे. खिशातून भरून बघा, मग बोला.

रेवाकाठ
भरलेत. दोनदा. मी तरीही कपाट उघडं ठेवते. भीती तुमची आणि शिक्षा मुलांना, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

जुनागुरुजी
@रेवाकाठ, आवाज खाली घ्या. सर एकटे दोषी नाहीत. फाटलेली, हरवलेली पुस्तकं रीतसर निर्लेखित करता येतात, म्हणजे नोंदीतून कमी करता येतात, पण त्यासाठी समितीचा ठराव, प्रस्ताव, सही, पुन्हा सही. कुलूप लावणं त्यापेक्षा सोपं पडतं. दोष तिथे आहे.

पुणेरीआई
आमच्याकडे पुस्तकं भरपूर आहेत, तरी मुलगा वाचत नाही. त्यामुळे नुसतं कपाट उघडून भागत नाही, एवढं सांगते.

मातीचीपाटी
धागा कपाटात गेला, पण तो मुद्दाही खरा आहे. ज्यांच्याकडे पेटीच नाही त्यांच्यासाठी: बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत, मासिक 1971 पासूनचं आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळीनुसार मराठी गोष्टी आहेत. आठ पानी गोष्ट छापून मध्ये टाचली की झालं. हरवली तर डेडस्टॉकमध्ये नसतेच.

जुनागुरुजी (आठ दिवसांनी)
करून पाहिलं. सोमवारी तीन मिनिटं ठरवली, दीड मिनिटात तिसरीतल्या दोघांची ढकलाढकली, थांबवलं. मंगळवारी दोन मिनिटं. काल चार झाली. पहिलीतली एक पोरगी बदकाच्या चित्रावर बोट ठेवून "हे आमच्या तळ्यावरचं" म्हणत शेजारणीला गोष्ट सांगत होती, मी मध्ये बोललो नाही. तक्ता मात्र काढलेला नाही. नावं पुसलीत, आता वर्गाचा एकच आकडा लिहितो: आज किती मिनिटं.

मातीचीपाटी
नावं पुसलीत ना, मग तक्ता राहू दे.

किल्लीवाला
निर्लेखनाच्या प्रस्तावाचा नमुना कुणाकडे असेल तर पाठवा. 11 पुस्तकं फाटलेली आहेत, आधी त्यांचं करतो.