शब्दचर्चा: चिनी भाषेतली तीन ‘शकणं’ आणि आपलं एक ‘परत’

शेवंती
सहा महिने मंदारिन शिकतेय. पुस्तक इंग्रजी माध्यमाचं. त्यात ह्वेय, नङ आणि खयी या तिन्ही शब्दांपुढे एकच अर्थ छापलाय: ‘कॅन’. परवा सरावात दहापैकी सहा गाळलेल्या जागा चुकल्या. कुणी जरा फोड करून सांगेल का?

जुनाट रेडिओ
शेवंतीताई, इंग्रजी अर्थावर काट मारा आणि समोर मराठी लिहा. निम्मं काम तिथंच होतं.

ह्वेय म्हणजे ‘येणं’. ‘मला पोहता येतं’ यातलं येणं. शिकून अंगात मुरलेली गोष्ट. नुसत्या नामाबरोबरही चालतं: ‘वो ह्वेय चूङ-वन’, मला चिनी येतं. इथं ‘कॅन’ची गाडी अडते, आपली नाही.

नङ म्हणजे ‘शकणं’. या घडीला, या परिस्थितीत जमेल का, एवढंच. खयी म्हणजे ‘चालेल’. इथं बसलं तर चालेल का, फोटो काढला तर चालेल का, हे सगळं खयीने विचारायचं.

गाडीचं उदाहरण बहुतेक वर्गांत देतात, कारण त्यात दोन्ही शब्द समोरासमोर येतात. मला गाडी चालवता येते (ह्वेय खाय-छ), पण आज प्यायलोय, म्हणून चालवू शकत नाही (पू नङ खाय-छ; पू म्हणजे ‘नाही’). दारूने कौशल्य गेलं नाही, परिस्थिती बदलली.

खड्डे दोन आहेत. पहिला आपल्याच मराठीचा. ‘आज मला यायला जमणार नाही’ याऐवजी आपण सर्रास ‘आज मला येता येणार नाही’ म्हणतो. हे ‘येणं’ ऐकून ह्वेय घातलंत की फसलात, तिथं नङच हवं. दुसरा खड्डा असा की ह्वेय भाकितही करतं. ‘था पू ह्वेय लाय’ म्हणजे तो काही येणार नाही, मला नाही वाटत. ‘था पू नङ लाय’ म्हणजे त्याला यायचंय, पण येऊ शकत नाही. लग्नाच्या याद्या करताना हा फरक फार महागात पडतो.

आणि ‘चालणार नाही’ म्हणायला खयीच्या आधी ‘पू’ लावून मोकळं होऊ नका. ते व्याकरणात बसतं, पण लहान मुलाला दटावल्यासारखं वाटू शकतं. मोठ्या माणसाशी बोलताना ‘पू नङ’ बरं.

कढीलिंब
मराठीचा खरा फायदा सर्वनामांत आहे, त्याबद्दल कुणी बोलत कसं नाही? ‘वो-मन’ आणि ‘त्सान-मन’, दोन्हींचा इंग्रजी अर्थ ‘वी’. माझ्या वर्गातली हिंदीभाषक मुलं दोन आठवडे गोंधळलेली होती. मला एका मिनिटात कळलं, कारण त्सान-मन म्हणजे आपलं ‘आपण’, ऐकणारा धरून. पाहुणे उठताना म्हणतात ‘वो-मन त्सौ ल’, आम्ही निघतो. सगळ्यांनी मिळून निघायचं असेल तर ‘त्सान-मन त्सौ पा’, चला, निघू आपण.

गंमत म्हणजे लेकराला ‘आपण रडायचं नाही हं’ म्हणतो ना, रडत असतं फक्त ते एकटंच? चिनी आयाही तिथं त्सान-मन वापरतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एकदम घरी असल्यासारखं वाटलं.

जुनाट रेडिओ
बरोबर, पण एक पुस्ती. वो-मन हे ‘आम्ही’इतकं कडक नाही. ‘चला निघू’लाही लोक वो-मन वापरतात. उलटं मात्र चालत नाही: ऐकणाऱ्याला वगळून त्सान-मन म्हणता येत नाही. शिवाय हा शब्द उत्तरेचा, पेइचिंगकडचा. दक्षिणेत आणि तैवानमध्ये फार कमी ऐकू येतो.

उंबरठा
तुम्ही सगळे ‘पू’, ‘नङ’, ‘खयी’ लिहिताय, पुस्तकात रोमनमध्ये ‘बी’ने सुरू होणारा ‘बु’ आहे. नक्की काय?

जुनाट रेडिओ
रोमन लिपीतला बी म्हणजे आपला प, पी म्हणजे फ (ओठ मिटून काढलेला, दातांवरचा नाही). डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. मंदारिनमध्ये ब-द-ग नाहीतच म्हटलं तरी चालेल, फरक आहे तो श्वासाचा, अल्पप्राण की महाप्राण. इंग्रजी माणूस यात वर्षभर अडकतो, आपण ते बाराखडीतच शिकलोय. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव रोमनमध्ये वाचलं तर ‘के दिहुआ’ होतं. खरा उच्चार ‘ख तीह्वा’च्या जवळचा.

‘त्सान-मन’मधला त्स म्हणजे चमच्यातला च. चहातला नव्हे. तोही घरचाच.

सूर मात्र आपल्याकडे नाहीत, ते घोकावेच लागतात. माय तिसऱ्या सुरात, आवाज खाली दाबून, म्हणजे विकत घेणं. माय चौथ्या सुरात, ‘गप!’ म्हटल्यासारखा वरून खाली आपटून, म्हणजे विकणं. मी एकदा भाजीवालीला ‘टोमॅटो विकायचेत’ असं ठणकावून सांगितलं होतं. तिने शांतपणे किती आहेत विचारलं.

कढीलिंब
:)) आणि दोनाचा आकडा राहिला. अर् आणि ल्यांग. मोजताना, फोन नंबरात, बारा-वीसमध्ये, ‘दुसरा’ म्हणताना अर्. वस्तू-माणसं मोजताना, म्हणजे आकडा आणि वस्तू यांच्या मध्ये ‘क’सारखा मोजशब्द आला की ल्यांग. ‘अर्-युए’ म्हणजे फेब्रुवारी, ‘ल्यांग-क-युए’ म्हणजे दोन महिने. दुपारचे दोन वाजले तरी ल्यांग. ‘आम्ही दोघं’साठी तर वेगळाच शब्द आहे, ल्या: ‘वो-मन ल्या’. त्याच्यापुढे क लावायचा नाही, तो आत विरघळलेला आहे.

शेवंती
सगळ्यांचे आभार. म्हणजे मराठीत भाषांतर केलं की झालं?

जुनाट रेडिओ
नाही ना! ‘परत’ घ्या. ‘तो परत आला.’ याचं चिनी सांगा.

सांगता येणार नाही, कारण वाक्य दोन आहेत. गावाहून घरी परतला असेल तर ‘था ह्वेय-लाय ल’ (हा ह्वेय दुसऱ्या सुरातला, ‘काय?’ विचारल्यासारखा वर जाणारा, वरच्या ‘येणं’शी संबंध नाही). काल आला, आज पुन्हा टपकला असेल तर ‘था योऊ लाय ल’. आणि ‘उद्या परत या’ म्हणायचं तर तिसराच, ‘त्साय’: ‘मिङथ्येन त्साय लाय’.

योऊ घडून गेलेल्यासाठी, त्साय अजून घडायचंय त्यासाठी. योऊमध्ये बऱ्याचदा वैताग असतो, आपल्या ‘आलाऽऽ परत!’मध्ये असतो तसा. त्सायमध्ये तो नसतो. निरोपाचं ‘त्साय-च्येन’ यातलंच, पुन्हा भेटू. मराठीत हा वैताग स्वरात येतो, शब्द तोच राहतो. म्हणून इथं मराठीचा काहीही उपयोग नाही, उलट अडचणच आहे. मी तीन वर्षांनंतरही ‘काल त्साय गेलो’ म्हणायचो.

आता गृहपाठ. ‘उद्या परत सोमवार.’ यात काय येईल?

उंबरठा
उद्या आहे, म्हणजे अजून घडायचंय. त्साय.

शेवंती
योऊ. सोमवार येणार हे आधीच ठरलेलंय. आणि वैताग आहे.

जुनाट रेडिओ
तुमच्या सहा चुका मी माफ केल्या.