कठड्यापेक्षा मिक्सरच्या टेबलापाशी उभे राहा

नागपूरहून नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर रॉक शोला जाताना अगदी पुढे, स्टेजसमोरच्या कठड्याला लागून उभं राहावं का, असा प्रश्न पडतोच. बँडचे चेहरे पाहायचे असतील तर जरूर. गाणं ऐकायचं असेल तर नको. मुख्य स्पीकर दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या गर्दीकडे असतो. पुढच्यांना ड्रम, गिटारचे ॲम्प आणि जमिनीवरचे सबवूफर (खर्जाचे स्पीकर) हेच जास्त ऐकू येतात, गायकाचा आवाज त्यात बुडतो. मैदानाच्या मधोमध साउंड इंजिनियरचं मिक्सरचं टेबल असतं (इथे तो सगळ्या वाद्यांचे आणि गायकाचे आवाज जुळवतो), त्याच्या किंचित पुढे उभे राहा. तो जे ऐकून मिक्स करतो, तेच तुम्हाला मिळतं. फार मागेही नको: ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे १०० मीटरवर ड्रमची काठी आधी दिसते आणि ठोका ०.३ सेकंदाने येतो.

इअरप्लग न्याच, हे कळकळीने सांगतो. अशा शोत आवाज सहज १०० डेसिबलला जातो आणि तेवढ्या आवाजात सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटं. फोमचे प्लग सिम्बलचा (ड्रमच्या झांजांचा) झणत्कार खातात, फिल्टरवाले, म्हणजे सगळा आवाज सारखा कमी करणारे, बरे. फोमचेच असतील तर बारीक वळा, कान वर ओढून आत सरकवा, फुगेपर्यंत ३० सेकंद दाबून धरा. घाईत अर्धवट बसले की काही उपयोग नाही.

विदर्भ एक्सप्रेसने ठाण्याला उतरा, तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळ, स्टेडियम तिथेच आहे. शो रात्री १० च्या सुमारास संपतो, परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचंच काढा.