मदत हवी आहे: घराचं बजेट 40 भागांत बसत नाहीये, कात्री कुठे लावू?

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं नुसता वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदाच धागा काढतोय, कारण आठवडाभर रात्री हिशेब करत बसलोय आणि दर वेळी उत्तर वेगळं येतंय.

शहर महागडं. जुनं, पडायला आलेलं घर असलेला छोटा प्लॉट घेतला. ते पाडून मनासारखं दुमजली घर बांधायचंय. रकमा मुद्दाम देत नाही, एक तर त्या जागेगणिक बदलतात आणि दुसरं म्हणजे चर्चा 'एवढे पैसे आले कुठून' इकडे वळते. आमची सगळी बचत आणि मंजूर कर्ज मिळून 100 भाग धरा. जागा आणि तिची नोंदणी यातच 60 गेले. हातात उरले 40.

आर्किटेक्टच्या नकाशात बांधकाम 1,560 चौरस फूट आहे. तीन ठेकेदारांकडून माल-मजुरीसकट दर मागवले. सर्वांत कमी दराला 1,560 ने गुणलं तर 29 भाग होतात. दुसऱ्याचा दर त्याच्यापेक्षा 18 टक्के जास्त, तिसऱ्याचा तर विचारूच नका. 29 पाहून आम्ही खूश. म्हटलं, 11 भाग शिल्लक, स्वयंपाकघर झकास करू.

मग बायकोने कागद घेतला आणि दरात काय नाही ते लिहायला बसली. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि परवानग्यांचं शुल्क 4. जुनं घर पाडून राडारोडा हलवणं दीड. कंपाउंड, गेट, जमिनीखालची पाण्याची टाकी, ड्रेनेजची जोडणी अडीच. ओटा, ट्रॉल्या, कपाटं 4. आणि जे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं ते, बांधकाम चालेल ते 16 महिने आम्ही भाड्याने राहणार, शिवाय उचललेल्या कर्जावर व्याज सुरू. ते धरले 4. झाले 16. म्हणजे एकूण 45, आणि अडीअडचणीसाठी दमडीही बाजूला नाही.

माझे प्रश्न:
सर्वांत कमी दरवाला घ्यावा का? माणूस बोलायला चांगला आहे.
वरचा मजला चार-पाच वर्षांनी बांधला तर?
की टाइल्स, फिटिंग्ज, खिडक्या हलक्या घेऊन 5 भाग निघतील?

आणखी एक गोष्ट. आमची गल्ली अरुंद आहे. काँक्रीटची मोठी गाडी आत येत नाही, वाळू-खडी टाकायला रस्त्यावर जागा नाही आणि एका बाजूला शेजाऱ्यांची भिंत आमच्या हद्दीला चिकटून आहे. याचा उल्लेख फक्त तिसऱ्या, महागड्या कोटेशनमध्ये आहे.

प्रतिसाद १

दर बाजूला ठेवा, आधी तो दर कुठल्या क्षेत्रफळावर लावलाय ते बघा. कोणी नकाशातलं बांधीव क्षेत्र धरतो, कोणी पूर्ण स्लॅब मोजतो. म्हणजे बाल्कनी, छज्जे, जिन्यावरचं छप्पर, सगळं त्यात. कोटेशनच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असेल.

हद्दीला चिकटलेली भिंत हा तुमचा सर्वांत मोठा धोका. तिच्या पायापेक्षा खोल खोदायचं असेल तर आधार देऊन, टप्प्याटप्प्याने खोदावं लागतं. माती परीक्षण झालंय का? त्याचा खर्च एकूण हिशेबात किरकोळ असतो, आणि त्याशिवाय पायाचा आकडा म्हणजे निव्वळ अंदाज. ज्याने या गोष्टी कोटेशनमध्ये लिहिल्या तो महाग नाही, त्याने प्लॉट येऊन पाहिलाय एवढंच.

तिघांनाही एकच बीओक्यू (कुठलं काम किती, याची यादी) द्या: खोदाई किती घनमीटर, सळई किती किलो, गिलावा किती चौरस मीटर. स्ट्रक्चरल डिझाइन झाल्यावर ते बनवता येतं. मगच तुलना करा.

धागाकर्ता

आत्ता बघितलं. पोटात गोळा आला. कमी दरवाल्याने 1,840 चौरस फूट धरलेत, तेही स्लॅबप्रमाणे. दुसऱ्याने नकाशातले 1,560. म्हणजे 18 टक्के जास्त दर आणि 18 टक्के जास्त क्षेत्र, दोघांची बेरीज जवळपास सारखीच! माझे 29 हे 29 नव्हतेच, 34 होते. एकूण 45 नाही, 50. माती परीक्षण झालेलं नाही.

प्रतिसाद २

मी तीन वर्षांपूर्वी याच चक्रातून गेले. टाइल्स हलक्या घेऊन 10 भाग निघत नाहीत हो. घर महाग होतं ते आकाराने. 30 बाय 30 ची खोली आणि 15 बाय 60 चा पट्टा, दोन्ही 900 चौरस फूटच. पण पहिल्याच्या भिंती 120 फूट, दुसऱ्याच्या 150. तेवढाच जास्त पाया, गिलावा, रंग. नकाशात उगाच खाचा आणि कोपरे काढले असतील तर ते आधी पुसा. बाथरूम एकाच्या डोक्यावर एक आणा, पाइप कमी लागतात आणि गळती शोधायलाही सोपं.

भिंतीच्या आत किंवा जमिनीखाली जाणारं काही हलकं घेऊ नका: वायरिंग, पाइप, वॉटरप्रूफिंग. कपाटं नंतर करता येतात. आम्ही वर्षभर कपडे ट्रंकेत ठेवले, काही बिघडलं नाही. (सासूबाईंचं मत वेगळं आहे.)

पैसे द्यायचे टप्पे नीट वाचा. आमच्या ठेकेदाराने शेवटच्या स्लॅबपर्यंत 80 टक्के रक्कम घेतली होती. बाकी काम निम्मं उरलेलं, त्याचा रस मात्र संपलेला. फोन उचलेना. आता कुणी विचारलं तर सांगते, झालेल्या कामाइतकेच पैसे द्या आणि 5 टक्के एक पावसाळा पाहिल्यावर. बँकही बहुतेक वेळा काम झाल्यावरच पुढचा हप्ता सोडते, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला आधी तुमच्या खिशातले पैसे लागतील. सगळी बचत जागेत घालून बसला असाल तर काम तिथेच अडेल.

प्रतिसाद ३

वरचा मजला नंतर करायचा तर पाया आणि कॉलम आत्ताच दोन मजल्यांचे घालावे लागतील, म्हणजे बचत वाटते तितकी नाही. वर काढून ठेवलेल्या सळया गंजू नयेत म्हणून झाकाव्या लागतात. शिवाय पाच वर्षांनी डोक्यावर सेंट्रिंग आणि खाली तुमचा संसार. अरुंद गल्लीत दोनदा माल आणायचा ते वेगळंच. मी असतो तर दोन्ही मजले छोटे केले असते.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. काल रात्री दोघांनी बसून 1,250 चौरस फुटांवर आणलं. तिसरं बाथरूम गेलं, माझी अभ्यासाची खोली गेली (हे लिहिताना जरा जड जातंय), पुढची खाच भरून आकार चौकोनी केला. दुसऱ्या ठेकेदाराच्या दराने बांधकाम साडेसत्तावीसच्या आसपास येतं. कपाटांचे 4 वरून दीडवर आणले, फक्त ओटा आणि एक कपाट. एकूण 41.

अडचण अशी की बांधकामाच्या 10 टक्के तरी राखीव ठेवायचे म्हटलं तर आणखी पावणेतीन लागतात. म्हणजे अजूनही पावणेचार कमी. क्षेत्र आणखी कमी करण्यापेक्षा आहे त्या जुन्या घराच्या विटा, दारं, सागवानी तुळया विकून किंवा वापरून काही निघतं का, कुणाला अनुभव आहे? पाडणाऱ्याने 'सामान आमचं, पाडायचे पैसे कमी लावतो' असं सांगितलंय. त्याला होकार द्यायच्या आधी तुळया मोजून घेतोय. माती परीक्षण मंगळवारी आहे, अहवाल आला की इथेच टाकतो.