सोसायटी ग्रुप: उशाशी कुठलं पुस्तक आहे ते सांगा

मंगलकाकू (ए-२०१)
'मरण्याआधी वाचायलाच हवीत अशी ५० पुस्तकं' ही यादी आज सकाळपासून तिसऱ्यांदा आली. पाठवणाऱ्यांनी त्यातली किती वाचलीत ते विचारत नाही, उगाच भांडण नको. त्यापेक्षा सध्या आपल्या उशाशी कुठलं पुस्तक आहे तेवढं सांगा. नुसतं 'छान आहे, जरूर वाचा' चालणार नाही. कुणी वाचावं आणि कुठून सुरुवात करावी तेही लिहा.

सेक्रेटरी
विषय चांगला काढलात काकू. हॉलमधल्या भिंतीतल्या कपाटाला वाळवीचं औषध मारून घेतलंय. गणपतीचे जुने बॅनर काढले की दोन फळ्या मोकळ्या होतात. पुस्तकं तिथेच ठेवूया का?

रेखावहिनी (सी-२०२)
मध्येच विचारते, सॉरी. आज पाणी आहे का? राकसकोप धरणाची लाईन बंद म्हणून खाली कुणीतरी सांगितलं.

सेक्रेटरी
आहे वहिनी. संध्याकाळी उशिरा सुटेल.

बाळूकाका (बी-१)
मी 'स्वामी' वाचुलालोय. दुकानात गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यापाशी बसून. कितव्यांदा ते विचारू नका. ओंकारसारख्या पोरांनी इथनंच सुरुवात करावी. थेऊरचा, माधवराव पेशव्यांच्या मरणाचा भाग आला की अजून पोटात कालवतंय. सत्तावीस वर्षांचा पोरगा गा तो! आणि लिहिणारे रणजित देसाई कोण, तर कोवाडचे. शनिवारी कोवाडची माणसं आपल्या बेळगावच्या खडेबाजारात कापड घ्यायला येतात.

डॉक्टर (बी-१०१)
कादंबरी चांगलीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बाळूकाका, परवाच्या मीटिंगमध्ये तुम्ही त्यातले संवाद पेशवे दफ्तरातून काढल्यासारखे म्हणून दाखवलेत! माझ्याकडे सध्या शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' आहे. जानेवारीत पानिपत झालं, जूनमध्ये नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात पेशवाई आली. त्याच्या पुढ्यात काय वाढून ठेवलं होतं ते कळलं तर 'स्वामी'सुद्धा जास्त कळेल. शेजारी नकाशा घेऊन बसा.

बाळूकाका (बी-१)
नकाशा बघून डोळ्याला पाणी येत नाही गा डॉक्टर.

डॉक्टर (बी-१०१)
त्यासाठी माझ्याकडे थेंब आहेत.

ओंकार (ए-३०३)
😂😂

मंगलकाकू (ए-२०१)
ओंकार, नुसतं हसू नको. तू काय वाचतोस?

ओंकार (ए-३०३)
काकू, खरं सांगू का, मराठी पुस्तक शेवटचं कधी पूर्ण केलं आठवत नाही. शाळा इंग्लिश मीडियम, सेकंड लँग्वेज कन्नड. मराठी वाचता येतं, पण दहा पानांनी दम लागतो. पु.लं.चं 'रावसाहेब' मात्र ऐकून पाठ आहे. ते पुस्तकात आहे का?

मंगलकाकू (ए-२०१)
आहे की. 'गणगोत'मध्ये. पु. ल. इथे आर.पी.डी. कॉलेजात शिकवायला होते, तेव्हाची ती मैत्री. ऐकून पाठ आहे ना, मग तेच उघडून वाच. कानात आवाज असला की डोळे आपोआप पळतात.

हिरेमठ सर (बी-३०२)
नमस्कार सगळ्यांना. मी गिरीश कर्नाडांचं आत्मचरित्र 'आडाडता आयुष्य' वाचतोय, कन्नडमध्ये. कर्नाडांची मातृभाषा कोंकणी, जन्म माथेरानचा, लिहिलं कन्नडमध्ये. म्हणजे आपल्यासारखीच खिचडी. पुस्तक त्यांनी पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंना अर्पण केलंय. का, तर आई पोटातलं मूल नको म्हणून त्यांच्या दवाखान्यात गेली होती, आणि त्या दिवशी बाई आल्याच नाहीत. वाट बघून आई घरी परतली. ते मूल म्हणजे हे. आईनेच जेवणाच्या टेबलावर हे सांगितलं म्हणे. धारवाडची पानं तर मी दोन दोनदा वाचली. मनोहर ग्रंथमाला या प्रकाशनाचा माळा, ती चालवणारे जी. बी. जोशी, तिथे जमणारी मंडळी. आमच्या कॉलेजच्या दिवसांत त्या जिन्याखालून आम्ही नुसते ये-जा करायचो.

स्नेहा (सी-१०१)
सर, हे वाचायलाच हवं. पण मला कन्नड अजून भाजीपुरतंच येतं 🙈

हिरेमठ सर (बी-३०२)
मराठीत आहे की. 'खेळता खेळता आयुष्य', अनुवाद उमा कुलकर्णींचा. त्या मूळच्या बेळगावच्याच. कन्नड कादंबरीकार भैरप्पांचं 'वंशवृक्ष', 'पर्व', सगळं त्यांनीच मराठीत आणलं. आमच्या घरी मी भैरप्पा कन्नडमध्ये वाचतो, सौभाग्यवती उमाताईंच्या मराठीत वाचतात. मग 'पर्व'मधल्या कुंतीवरून जेवताना वाद. तिला कुंती कळते, मला भीम. कपाटात दोन्ही प्रती ठेवू का? एका कथेसाठी दोन जागा जातील.

सेक्रेटरी
ठेवा सर. एक फळी कन्नड-इंग्रजी, एक मराठी.

मंगलकाकू (ए-२०१)
फळ्या भाषेवारी नकोत. दोन्ही 'पर्व' शेजारी शेजारी राहू द्यात. ओंकारसारखी मुलं एकात अडली तर दुसऱ्यात बघतील.

आता माझं सांगते. जरा लांबेल. चष्मा लावून टाइप करतेय, घाई करू नका.

मी प्रकाश नारायण संतांचं 'शारदा संगीत' पुन्हा काढलंय. लंपन नावाच्या पोराची चार पुस्तकं: वनवास, शारदा संगीत, पंखा, झुंबर. याच क्रमाने वाचा. 'झुंबर' आधी हातात आलं तरी बाजूला ठेवा, का ते शेवटी कळेल. परवा एका तरुण मुलीने मला सांगितलं की लंपन म्हणजे लहान मुलांचं पुस्तक. मुळीच नाही. मुलगा लहान आहे, पुस्तक लहान नाही. आईवडिलांपासून दूर आजोळी राहणारं पोर, ते रडत नाही. नको त्या गोष्टी मोजत बसतं, आणि आपल्यालाच गलबलून येतं. लिहिणारा माणूस कऱ्हाडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. वडील १९४६ साली गेले तेव्हा संतांचं वय नऊ. आई इंदिरा संत, आपल्या गावच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य. मग आईच्या कविता वाचा. 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ', आणि ज्याला १९८४चा साहित्य अकादमी मिळाला ते 'गर्भरेशीम'. माझं सांगायचं तर पुरस्काराच्या पुस्तकापेक्षा 'मृगजळ' मला जास्त जवळचं. आणि शेवटी सून डॉ. सुप्रिया दीक्षितांचं 'अमलताश'. एकाच घरातली तिघं जणं तीन कोनांतून लिहितात. अशी फळी दुसऱ्या कुठल्या गावाला लागेल का ते मला सांगा.

स्नेहा (सी-१०१)
काकू, पुण्यात असताना 'वनवास' वाचलं होतं तेव्हा तो कानडी हेल मला लेखकाने मुद्दाम केलेला वाटायचा. लग्न होऊन इथे आले आणि पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्या मावशी तशाच बोलल्या 😄 'शारदा संगीत' माझ्याकडे आहे. 'पंखा' कुणाकडे आहे का? उद्यापर्यंत मिळाला तर बरं.

सेक्रेटरी
हॉलचा पंखा रिवाइंडिंगला दिलाय. सोमवारी येईल. तोपर्यंत टेबल फॅन देऊ का?

ओंकार (ए-३०३)
😂😂😂😂

मंगलकाकू (ए-२०१)
स्नेहा, माझ्याकडे आहे. येऊन ने. सेक्रेटरी पाटीलसाहेब, तुम्ही आधी 'वनवास' वाचा.

रेखावहिनी (सी-२०२)
मी नाही वाचत फारसं, रात्रपाळी असते. पण काकूंनी मागे मला इंदिराबाईंचं 'मालनगाथा' दिलं होतं, ओव्यांचं. सासूबाईंना डोळ्यांनी दिसत नाही म्हणून वाचून दाखवायला बसले. दोन ओळींवर त्यांनी मला थांबवलं आणि पुढची ओवी स्वतःच म्हटली. पुस्तकातली वेगळी, यांची वेगळी. त्यांचं माहेर खानापूरकडचं. तासभर चाललं होतं. एरवी त्या माझ्याशी औषधाच्या गोळ्यांपलीकडे बोलत नाहीत.

मंगलकाकू (ए-२०१)
अगं, हे इतके दिवस बोलली नाहीस! फोनवर रेकॉर्ड कर. उद्याच कर. पुस्तक राहू दे तुझ्याकडे.

डॉक्टर (बी-१०१)
रेखाताई, हे खरंच करा. हवं तर माझा रेकॉर्डर देतो, त्याचा आवाज फोनपेक्षा साफ येतो.

बाळूकाका (बी-१)
काकू, जी. ए. कुलकर्णी राहिले की तुमचे. एकसंब्याचे आपले. चिकोडी तालुक्यातले.

मंगलकाकू (ए-२०१)
मुद्दाम बोलले नाही. जी.एं.चं नाव काढलं की निम्मी माणसं हात जोडतात आणि निम्मी पळतात. दोघंही वाचत नाहीत.

ओंकार (ए-३०३)
मी पळणाऱ्यांतला. 'इस्किलार' उघडलं होतं एकदा. काहीच झेपलं नाही.

मंगलकाकू (ए-२०१)
'रमलखुणा'त दोनच दीर्घकथा आहेत, आणि तू जाऊन त्यातली 'इस्किलार' उघडलीस! तिथून कुणी सुरू करतं का? 'पिंगळावेळ'मधली 'कैरी' वाच. एकच कथा. अमोल पालेकरांनी तिच्यावर सिनेमा केलाय, पण तो नंतर बघ. ती जमली तर 'माणसे : अरभाट आणि चिल्लर' घे, त्यात लहानपणी पाहिलेली माणसं भेटतात. 'काजळमाया' त्याच्यानंतर. तेही नको वाटलं तर त्यांचे अनुवाद आहेत, कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्यांचे: 'रान', 'गाव', 'शिवार'. अमेरिकेतलं जंगल तोडून शेती करणारी माणसं. रेखाच्या सासूबाईंनाही आवडतील असं मला वाटतं.

डॉक्टर (बी-१०१)
'काजळमाया'चा अकादमी पुरस्कार त्यांनी परत केला होता ना?

मंगलकाकू (ए-२०१)
हो. पुस्तक नेमकं कुठल्या वर्षातलं धरायचं यावरून वाद निघाला. ते धारवाडला इंग्रजी शिकवायचे, समारंभ-भाषणांपासून लांब राहणारे. दिलं परत.

स्नेहा (सी-१०१)
काकू, माझ्या सहा वर्षांच्या बाळासाठी काही सुचवा. रात्री गोष्ट लागतेच, आणि मोबाईल दाखवायचा नाहीये. माधुरी पुरंदऱ्यांचं 'राधाचं घर' वाचून वाचून पानं सुटी झालीत.

मंगलकाकू (ए-२०१)
हसशील, पण जी. ए.! 'बखर बिम्मची'. बिम्म हा एवढासा मुलगा, तो पशुपक्ष्यांशी बोलतो. हे लिहिणारा आणि 'काजळमाया' लिहिणारा माणूस एकच यावर कुणाचा विश्वास बसत नाही. मोठ्याने वाचून दाखव. भरभर वाचू नको, मध्ये तो प्रश्न विचारेल.

हिरेमठ सर (बी-३०२)
'किशोर'चे जुने अंकही बघा. १९७१ पासूनचे अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवलेत. आमची नात बेंगळुरात बसून वाचते. चित्रं बघण्यासारखी आहेत.

स्नेहा (सी-१०१)
धन्यवाद सर 🙏 आणि मी स्वतः बानू मुश्ताक यांचं 'हार्ट लॅम्प' वाचतेय, इंग्लिशमध्ये. २०२५चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालेलं. बारा कथा आहेत. एका बैठकीत वाचू नका, मी वाचायला गेले आणि चौथ्या कथेनंतर दोन दिवस पुस्तक उघडवलं नाही. बायकांना घरात कसं कोंडतात ते त्या ओरडून सांगत नाहीत, मध्येच थट्टा करतात, त्यामुळे जास्त लागतं.

हिरेमठ सर (बी-३०२)
मूळ कन्नड कथा माझ्याकडे आहेत. त्या हासनच्या, वकिली करतात. त्यांच्या कन्नडमध्ये उर्दू मिसळलेली असते, ती ऐकायला मजा येते. रविवारी या, एक कथा मी मोठ्याने वाचतो. कळलं नाही तिथे थांबवा.

रेखावहिनी (सी-२०२)
सर, मीही येते. मला कन्नड कळतं, वाचता येत नाही.

बाळूकाका (बी-१)
चहा माझ्याकडनं. कुंदा पण आणतो. पण वाचून झाल्यावर. नाहीतर पुस्तकाला बोटं लावता तुम्ही लोक.

डॉक्टर (बी-१०१)
कपाटाबद्दल एक सूचना. आपल्याकडच्या पावसात पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवली तर ऑगस्टपर्यंत पांढरी बुरशी येते. मागे चार बोटं जागा सोडा. उन्हाचा दिवस निघाला की दार उघडं ठेवा. आणि दान म्हणून दहावीची जुनी गाईडं कृपया कुणी देऊ नका.

सेक्रेटरी
नोंद घेतली. गाईडं आधीच दोन गठ्ठे आलीत 😐

मंगलकाकू (ए-२०१)
दोन फळ्यांत काय काय मावणार? बाकीच्यासाठी सार्वजनिक वाचनालय आहे, १८४८ सालचं. गणपत गल्लीत भाजीला जाता तसं तिथेही डोकवा. आणि हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूरची साहित्य संमेलनं लागली की पुस्तकांचे स्टॉल असतात. मी जाते. ज्यांना यायचंय त्यांनी सांगा, एका गाडीत मावू.

ओंकार (ए-३०३)
काकू, 'कैरी' नेटवर शोधत होतो, मिळाली नाही. तुमच्याकडे 'पिंगळावेळ' आहे का? आत्ता येऊ का?

मंगलकाकू (ए-२०१)
ये. जाताना स्नेहासाठी 'पंखा' पण घेऊन जा खाली.

बाळूकाका (बी-१)
डॉक्टर, तुमचं ते शेजवलकर किती पानांचं हाय?

डॉक्टर (बी-१०१)
तुम्ही 'स्वामी' जितक्यांदा वाचलीय त्या मानाने काहीच नाही. नकाशासकट देतो. बदल्यात 'स्वामी' द्या, मी कॉलेजात असताना वाचलेली, आता आठवत नाही.

बाळूकाका (बी-१)
आठवत नाही आणि मला मीटिंगमध्ये गप्प करुलाला होय? या दुकानात. देतो.

सेक्रेटरी
कपाटाची किल्ली वॉचमनकडे ठेवली आहे. पुस्तक नेताना वहीत नाव, फ्लॅट नंबर आणि परत आणायची तारीख लिहा. तारीख पण लिहायची आहे, बाळूकाका.