फिलिपाइन्सला ब्रह्मोस विकून चीनला वेसण बसते का?

कुपवाडकर
जानेवारी 2022 मध्ये फिलिपाइन्सनं आपल्याशी किनाऱ्यावरून जहाजांवर डागायच्या ब्रह्मोस क्षेपणास्त्रांचा करार केला: तीन बॅटऱ्या (लाँचरचे ताफे), जवळपास 37.5 कोटी डॉलर. पहिली खेप एप्रिल 2024 मध्ये पोचली. चीन पाकिस्तानला शस्त्रं पुरवून आपल्या उशाशी बसतो, मग आपण त्याच्या दारात का जाऊ नये? फिलिपाइन्सच्या लुझॉन बेटापासून चीनशी वादातलं स्कारबरो शोल (उथळ खडक) साधारण 220 किमी, निर्यातीच्या ब्रह्मोसचा पल्ला 290. गिऱ्हाईक आहे, विका.

अजिंक्यतारा
290 हा आकडा जाहिरातीत बरा दिसतो. किनाऱ्यावरच्या रडारला पृथ्वीच्या गोलाईपलीकडचं जहाज दिसत नाही. अँटेना 20 मीटरवर आणि जहाजही तेवढंच उंच धरा, नजर जेमतेम 37 किमी जाते. 100 मीटरच्या डोंगरावर अँटेना चढवली तर 60. पुढचं कोण बघणार? विमान, ड्रोन नाहीतर उपग्रह, आणि ती खबर मिनिटांत कमांड पोस्टला यायला हवी. क्षेपणास्त्र पाच मिनिटांत पोचेल हो, पण खबरच अर्ध्या तासाची शिळी असेल तर 30 नॉटनं जाणारं जहाज तोवर 28 किमी सरकलेलं असतं. क्षेपणास्त्राच्या टोकातला लक्ष्य शोधणारा सीकर मोकळं पाणी धुंडाळत बसणार. हे डोळे फिलिपाइन्सला मुख्यतः अमेरिका देणार, कारण 1951 चा संरक्षण करार त्यांच्याशी आहे, आपल्याशी नाही. म्हणजे चीनचा राग आपल्या वाट्याला आणि लगाम वॉशिंग्टनकडे.

कुपवाडकर
साहेब, हेच गणित चिनी कप्तानाच्या बाजूनं मांडा की. शेवटच्या टप्प्यात ब्रह्मोस पाण्यावरून दहाएक मीटरवर येतं. जहाजाच्या रडारवर ते उमटतं तीसेक किमीवर, म्हणजे हातात अर्धा मिनिट. लाँचर ट्रकवर, आज इथं, उद्या तिथं. नेम लागो न लागो, जवळ यायच्या आधी तो दहादा विचार करेल. धाकासाठीच पैसे मोजलेत त्यांनी.

मिरज जंक्शन
धाक मान्य, पण माल पूर्ण आपला आहे का? ब्रह्मोस बनवणाऱ्या कंपनीत आपला वाटा 50.5 टक्के, रशियाचा 49.5. गिऱ्हाईक कोण, यावर मॉस्कोची मान हलावी लागते, आणि मॉस्को आज बीजिंगला दुखवायच्या मनःस्थितीत नाही. शिवाय रशियन भागीदार कंपनी 2014 पासून अमेरिकी निर्बंधांत, त्यामुळे पैसे कुठल्या बँकेतून फिरवायचे इथूनच डोकेदुखी. त्यापेक्षा व्हिएतनामचा व्यवहार बघा: 10 कोटी डॉलरचं कर्ज, 12 वेगवान गस्ती नौका, पाच आपल्याकडे चेन्नईजवळ कट्टुपल्लीत बांधल्या, सात त्यांच्याच गोदीत. बातमी लहान, पण बांधणी आणि दुरुस्ती त्यांच्या हातात बसली. मित्र असा बांधून ठेवतात.

कृष्णाकाठ
‘निर्यात वाढली की कुपवाड-मिरजेच्या शॉपना कामं’ असं इथं सर्रास बोललं जातं, म्हणून लिहितो. क्षेपणास्त्राचं काम विसरा. आवाक्यात असलंच तर तोफेच्या 155 मिमी गोळ्याचं कवच. तिथंही फोर्जिंग (ठोकून घडवलेला नग) कललेलं आलं आणि बोअर, म्हणजे आतली पोकळी, त्याच कलानं झाला, तर भिंत एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ राहते. गोळा फिरताना डोलतो आणि भलतीकडे पडतो. प्रत्येक नगाचा हीट नंबर (पोलाद कुठल्या ओतणीचं, तो क्रमांक) बिलेटपासून, म्हणजे कच्च्या पोलादी ठोकळ्यापासून, पॅकिंगपर्यंत जुळावा लागतो. एका नगाचा माग तुटला की इन्स्पेक्टर अख्खा लॉट बाजूला ठेवतो. पंपाच्या केसिंगसारखं वेल्डिंग भरून चालत नाही.

अजिंक्यतारा
@मिरज जंक्शन, नौकांचं पटलं. पण 2016 मध्ये त्याच व्हिएतनामला जाहीर केलेलं 50 कोटी डॉलरचं कर्ज वर्षानुवर्षं पडून राहिलं, त्याचं काय?

मिरज जंक्शन
कर्ज देताना माल आमचाच घ्या अशी अट असते. त्यांना हवा तो माल आपल्याकडे तयार नसेल, तर ते सही कशाला करतील?