दारू पिऊन माणसं चिरडली, तरी 'जाणीव होती' हे वेगळं सिद्ध का करायचं?

मेधा_पुणे:
दारू पिऊन गाडी चालवली आणि माणूस मेला, तर थेट सदोष मनुष्यवधच लागला पाहिजे. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेली सात माणसं गेली, आठ जखमी झाली. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के दारू होती. सत्र न्यायालयाने कलम ३०४-अ, म्हणजे हयगयीने मृत्यू, धरून दिले सहा महिने! उच्च न्यायालयाने ३०४ भाग दोन, म्हणजे जाणीव असताना केलेला सदोष मनुष्यवध, लावून तीन वर्षं केली, ती २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात कायम राहिली. सात जिवांची तीन वर्षं. संताप येतो.

वकील_सातारा:
मेधाताई, संताप रास्त आहे, पण मागणी पटत नाही. हयगयीला जुन्या दंड संहितेत ३०४-अ होतं, कमाल दोन वर्षं. आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६(१), कमाल पाच. मनुष्यवधाला दहा वर्षांपर्यंत. ही झेप घ्यायची तर 'या कृत्याने कुणी मरू शकतं' हे आरोपीला ठाऊक होतं, हे सरकार पक्षाने दाखवायलाच हवं. मेलेल्यांच्या आकड्यावरून ते ठरत नाही. कुणीच मेलं नसतं, तर त्याला कमी ठाऊक असतं का?

मेधा_पुणे:
पण मनात शिरून कोण बघणार? त्या खटल्यातही परिस्थितीवरूनच जाणीव धरली ना? दारू प्यायलेला, रस्ता पायाखालचा. याहून काय हवं?

रमेश_कोल्हापूर:
तुमचा वाद शिक्षेवर चाललाय, केस त्याआधीच पडते. कर्नाटकात १९८२ साली ट्रक उलटून पंधरा माणसं गेली. साक्षीदार म्हणाले, भरधाव होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये विचारलं, भरधाव म्हणजे किती? मोटार वाहन निरीक्षकाने ट्रक तपासला होता, पण त्याची साक्षच काढली नाही, अहवालही कागदपत्रांत नाही. चालक निर्दोष. आपल्याकडे फिर्यादीत 'भरधाव वेगाने, हयगयीने, अविचाराने' लिहिलं की काम झालं असं वाटतं. चाकांच्या खुणा टेप लावून मोजा, ब्रेक तपासून घ्या, रक्त वेळेत काढा.

वकील_सातारा:
रमेशराव, शंभर टक्के मान्य. म्हणूनच दारू दिसली की जाणीव आपोआप धरा, या मागणीला माझा विरोध आहे. मग ती टेप कुणी काढणारच नाही.

मेधा_पुणे:
तपास कच्चा राहिला तर भोगायचं मेलेल्याच्या घरच्यांनीच का? प्यायलेला चालक सापडला, तर 'मला जाणीव नव्हती' हे त्याने सिद्ध करावं. यावर मी ठाम आहे.